लोखंडाचं सुतक

विसराम परब चहाच्या ग्लासावर तळहात झाकणासारखा ठेवायचे, आणि आम्ही सगळे असू तिथे थिजायचो. एक, दोन, कधी तीन म्हणण्याइतका वेळ जायचा. मग वर्कशॉपच्या एखाद्या कोपऱ्यातून आवाज यायचा. तिथे माणूस नसायचा, मशीन नसायचं. दोन दिवसांपूर्वी कापलेली एखादी प्लेट तेवढी निमूट पडलेली असायची. टण्ण! बंदुकीच्या बारासारखा. छपराच्या पत्र्याचा गंज भुरभुरत खाली यायचा तो थेट आमच्या चहात. विसरामभाऊंचा चहा तेवढा स्वच्छ. ते हात काढायचे, एक घोट घ्यायचे आणि त्या कोपऱ्याकडे वळूनही बघायचे नाहीत.

आता खरी गंमत ऐका. विसरामभाऊ ठार बहिरे होते.

मी गोष्टी रंगवून सांगतो, हा माझा जुना रोग आहे. घरची माणसं माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करूनच ऐकतात. ह्या गोष्टीतून मात्र काही वजा करू नका. उलट थोडं मीच गाळलंय.

आमचं वर्कशॉप दारूखान्यात होतं. माझी गिरगावातली आत्या शेवटपर्यंत समजत होती की आपला भाचा गुत्त्यात कामाला आहे. दारूखाना म्हणजे इंग्रजांच्या काळातलं दारूगोळ्याचं कोठार. पुढे तिथे मोडीत निघालेल्या जहाजांचं लोखंड, नांगर, साखळ्या आणि पत्रे यांचा बाजार बसला. जेठाशेठ आमचे मालक, आणि मी त्यांचा ड्राफ्ट्समन. कागदावर आकार काढायचा, त्याचा पत्र्याचा साचा करून कटरला द्यायचा. म्हणून वर्कशॉपात माझं नाव पडलं होतं ‘कागदवाला’.

काम हार्ड प्लेटचं. हे साधं लोखंड नव्हे. साधी प्लेट वाकते, दबते, तिची समजूत काढता येते. हार्ड प्लेट घासलं जाण्यासाठीच बनवलेली असते. खडी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यात, दगड वाहणाऱ्या डंपरच्या तळाला, सिमेंटच्या कारखान्यात माल ज्यावरून घसरत खाली येतो त्या उतारांना हिचं अस्तर लावतात. वर्षानुवर्षं दगड हिच्यावरून घासत जातो आणि शेवटी दगडच गुळगुळीत होतो. भोक पाडायला गेलं तर ड्रिलचा बिट कुरकुरत मोडतो. कानस नुसती घसरते. कापायची ती गॅसच्या ज्योतीने, आणि तेही तिच्या कलाने.

तिचा कल विसरामभाऊंना माहीत होता. कुठे शिकले? कापडाच्या मिलमध्ये!

वीसेक वर्षं ते साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, विणकर होते; मिलमध्ये मागाला साचा म्हणतात. शेकडो माग एकदम खडखडतात तिथे शेजारच्याने कानाशी तोंड आणून बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून ती माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. कान हळूहळू गेले, पण बोलणं अडलं नाही. संप आला तेव्हा विसरामभाऊंना वाटलं, चार महिन्यांत मिटेल. पावसाळा गावी काढून परत आले तरी गेट बंदच. पुढे जेठाशेठकडे आधी जळका कचरा झाडायला लागले. एकदा कटर आला नाही म्हणून त्यांच्या हातात गॅसचा टॉर्च दिला. विणकराचा हात! पाच फुटांची रेघ धागा ओढावा तशी सरळ आली. जेठाशेठ म्हणाले, “विसराम, झाडू फेकून दे.” ते त्यांनी ओठांवरून बरोबर वाचलं आणि झाडू जागच्या जागी नेऊन ठेवला.

त्यांना घसा होता, आवाजही असणार. पण आवाज वापरायची सवय मोडली होती. ते समोर उभे राहून ओठ हलवायचे आणि आपण वाचायचं. वर्कशॉपात आठ ग्राइंडर किंचाळत असताना सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचे, आणि हा उंच, वाळलेला माणूस मधोमध उभा राहून काहीही आवाज न करता मालवणीत शिव्या द्यायचा. मला त्यांचे ओठ वाचायला सहा महिने लागले. पहिलं वाक्य लागलं ते, “कागदवाल्या, तुझ्या पॅन्टीची चेन उघडी आसा.”

प्लेट कापण्याआधी ते ती शेकून घ्यायचे. किती शेकायची, याला त्यांच्याकडे एकच माप होतं. आंबोळीचा तवा. “तव्यार पाण्याचो थेंबो नाचूक होयो,” म्हणायचे. बोटाने थेंब शिंपडायचे. चर्र करून विरला तर थोडी आणखी आच. टुणटुणत नाचला की ज्योत लावायची. “कमी शेकलंस तर मनात धरता. जास्त शेकलंस तर मऊ पडता.” कापून झालं की पंखा नाही, पाणी नाही. वाळूत निजवायची, वर गोणपाटं घालायची, आणि तीन दिवस तिला कोणी हात लावायचा नाही.

ह्या तीन दिवसांना ते सुतक म्हणायचे.

थट्टेने नव्हे बरं का. कापली म्हणजे तिच्या घरात गेलंच ना कोणीतरी, असा त्यांचा हिशेब. कापल्या कापल्या प्लेट धड दिसते, कड स्वच्छ, कुठे केसाएवढी रेघ नाही. पण आत काहीतरी चाललेलं असतं. एखादी तासाभरात बोलते, एखादी दुसऱ्या दिवशी भर दुपारी. बोलते म्हणजे तडकते. तीन दिवस गप्प राहिली की सुतक फिटलं, मग खुशाल डंपरला लावा. जेठाशेठ सुरुवातीला हसले. “अरे भाई, लोखंडाला कसलं सुतक?” मग घाईने पाठवलेलं एक अस्तर टेम्पोतच दुभंगलं, आणि तेव्हापासून शेठ स्वतः गिऱ्हाइकाला फोनवर सांगायचे, “माल तयार आहे, पण सुतकात आहे.” सिमेंट कारखान्याच्या साहेबांनी एकदा दुखवट्याचं पत्र पाठवलं होतं.

विसरामभाऊंच्या खिशात कायम लाकडाचा एक तुकडा असायचा. मोडक्या धोट्याचा. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो. शेवटच्या पाळीचा तेवढा त्यांच्याकडे उरला होता. त्याचं एक टोक ते दातांत धरायचे, दुसरं प्लेटला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. दातांच्या खुणांनी लाकूड कुरतडल्यासारखं झालं होतं. मग डोळे उघडून सांगायचे, “ही गुरवारी बोलतली.” आणि गुरुवारी ग्लासावर तळहात जायचा.

दर महिन्याच्या एक तारखेला ते अर्धा दिवस रजा घेत. धुतलेला शर्ट घालायचा, मिलचा बिल्ला लावायचा आणि बंद गेटसमोर जाऊन उभं राहायचं. एकदा मी हट्टाने बरोबर गेलो. गेटच्या फटीतून हातभर वाढलेलं गवत दिसत होतं आणि चिमणीवर पिंपळ उगवला होता. संपाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. विसरामभाऊंनी धोट्याचं टोक दातांत धरलं, दुसरं गेटच्या लोखंडाला लावलं. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांची उजव्या हाताची बोटं हलायला लागली. ठेक्यात, एकसारखी.

“काय ऐकू येतं?” मी त्यांच्या दंडाला हात लावून विचारलं.

“एक साचो चालू आसा.”

“आत? कोण चालवतंय?”

त्यांनी धोटा सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. आता मी काही भित्रा माणूस नाही. टोक दातांत धरलं, गेटला लावलं, डोळे मिटले.

मला काहीही ऐकू आलं नाही. निदान घरी मी तसंच सांगितलं.

आता मुख्य प्रसंग. इथे मला क्षणभर स्टेजच्या मधोमध यावं लागतं, कारण चूक माझी होती. पुन्हा लगेच विंगेत जातो.

विसरामभाऊंच्या बायकोचं नाव सुलोचना. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. संपानंतर त्या लालबागला बाबीशेठच्या मसाल्याच्या डंखावर कामाला लागल्या. डंख ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार लोखंडी उखळं ओळीने, प्रत्येकावर माणसाएवढं उंच मुसळ, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राने ती मुसळं उचलली जातात आणि धाडकन खाली येतात. उखळाशी बसलेली बाई कडेला उडालेली मिरची हाताने आत ढकलते. कधी? मुसळ वर असतं तेवढ्या वेळात. ठोका, हात, ठोका, हात. वहिनी हे दिवसाचे नऊ तास करायच्या, शेजारणीशी सुनेच्या गोष्टी बोलत. त्यांचा हात त्या ठेक्यावर इतका बसला होता की घरी भात वाढतानासुद्धा तो तसाच आत-बाहेर व्हायचा.

एप्रिल होता. वर्षाचा मसाला करायला बायकांची रांग रस्त्यापर्यंत, आणि बाबीशेठच्या तिसऱ्या उखळाचा तळ झिजून पत्र्यासारखा झालेला. त्यांनी जेठाशेठना गळ घातली, “हार्ड प्लेटीची एक चकती द्या. ताटाएवढी, जाड. मसाल्यात लोखंडाचे कपचे पडतात म्हणून बायका बोंबलतात.” आमच्याकडे एका जुन्या डंपरच्या तळाचा शेवटचा तुकडा उरला होता. पुन्हा तसा माल कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. मी कागद काढला, त्यावर लिहिलं, ‘डंख नंबर तीन’.

सोमवारी दुपारी बाबीशेठची हातगाडी दारात येऊन उभी राहिली. तो सोमवार नेमका एक तारखेचा. विसरामभाऊ मिलच्या गेटवर. गाडीवाला घाई करायला लागला. दुसरा कटर चंदू म्हणाला, “मी देतो ना कापून, त्यात काय?” त्याने शेकलीबिकली नाही. थंड प्लेटवर ज्योत लावली, चकती कापली, आणि ती हाताळता यावी म्हणून चिमट्याने उचलून पाण्याच्या पिंपात सोडली. फुस्स झालं, वाफ आली. “बघ, काय झालं?” चंदू म्हणाला. “म्हाताऱ्याची नाटकं सगळी.”

मी गाडीवाल्याच्या कागदावर सही केली. हो, मीच.

मंगळवारी सकाळी विसरामभाऊ आले. गोल भोक पडलेली प्लेट भिंतीला टेकून उभी होती. ते तिच्यासमोर थांबले, धोटा काढला, भोकाच्या कडेला लावला. त्यांचा चेहरा उतरताना मी बघत होतो. वळून त्यांनी ओठ हलवले.

“कोणी कापल्यान?”

मी चंदूकडे बोट केलं.

“पाण्यात घातल्यान?”

मी मान हलवली.

“ता खय गेला?”

“बाबीशेठकडे. तीन नंबरच्या डंखाला.”

तीन नंबरवर कोण बसतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं.

ह्या माणसाने जन्मात टॅक्सी केली नव्हती. त्या दिवशी आम्ही टॅक्सीने लालबागला गेलो. सगळ्या वाटेने त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ठेका धरून होता. ठोका, हात, ठोका, हात.

डंखाच्या दारात मिरचीचा लाल धूर. बायका पदर नाकाला लावून खोकत होत्या. आत तिसऱ्या उखळाशी वहिनी बसलेल्या, हात आत जातोय, बाहेर येतोय. विसरामभाऊ दारातच थांबले. ओरडण्यात अर्थ नव्हता, चार मुसळं धडधडत होती. त्यांनी नुसते ओठ हलवले. “हात काढ.”

वहिनींनी मान वर केली. कशामुळे केली, देव जाणे. नवऱ्याचं तोंड बघितलं आणि हात अर्ध्यातून मागे घेतला. तशाच उठल्या आणि यंत्राचा खटका खाली ओढला. चारही मुसळं थांबली. एवढी शांतता त्या गाळ्यात कित्येक वर्षांत झाली नसेल.

बाबीशेठ गल्ल्यावरून उठले. “काय गो, काय झाला?”

विसरामभाऊ उखळाकडे बोट दाखवून ओठ हलवत होते. सगळी रांग त्यांच्या तोंडाकडे बघत होती, कोणालाच कळेना. वहिनींनी वाचलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “ह्या लोखंडाक सुतक आसा म्हणतत.”

त्या एका शब्दाने काय झालं ते सांगायला माझ्यासारखा माणूसही कमी पडेल. चकतीला तडा जाईल, मुसळ उडेल, बाईचा हात जाईल, असं सांगितलं असतं तर बाबीशेठनी अर्धा तास वाद घातला असता. पण सुतक! आणि वर्षाचा मसाला!

“अगो बाई, माझ्या लेकीच्या लग्नाचा मसाला त्यात कांडलाय!” पुढची एक बाई किंचाळली.

“कोण गेलं पण? कोणाचं सुतक?”

“लोखंडाचं कसलं? कोणीतरी पुरलं असेल खाली!”

“काढा आधी ते! माझे डबे परत द्या!”

पाच मिनिटांत चकती उखळाबाहेर आली. जुना झिजका तळ परत बसवला. चकती कोपऱ्यात वाळूवर ठेवली. बाबीशेठचा चेहरा मिरचीपेक्षा लाल.

“इसराम, किती दिवस हां तुझा सुतक?”

तीन बोटं.

“काल कापली. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत. बरां. पण तोवर वाजली नाय, तर परवा ही चकती हयच बसतली. आणि वहिनी, पुन्हा असो तमाशो केल्यात, तर तुमच्या जागेर दुसरी बाय.”

दोन दिवस त्या कोपऱ्यातून कोणी गेलं नाही. एका म्हातारीने लांबूनच चकतीवर हळद-कुंकू टाकलं. माल घ्यायला आलेले लोक आवाज खाली आणून बोलायचे. एक हमाल तिच्याकडे पाठ करेना, तर आडवा आडवा, खेकड्यासारखा चालायचा.

बुधवारी संध्याकाळ झाली. चकती गप्प. बाबीशेठनी घड्याळ बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि मग विसरामभाऊंकडे. विसरामभाऊ उकिडवे बसले, धोटा दातांत धरून चकतीवर टेकवला. किती तरी वेळ. उठले तेव्हा त्यांच्या ओठांवर जे वाक्य मी वाचलं, ते त्यांच्या तोंडी पूर्वी कधी आलं नव्हतं.

“गप्प आसा. माका काय कळणा नाय.”

“मगे?” बाबीशेठ म्हणाले. “तुझोच नियम. तीन दिवस. फिटला सुतक.”

आणि बायकांचंही तेच. मंगळवारी विसरामभाऊंच्या बाजूने ओरडणारी लग्नाच्या मसाल्याची बाई आता म्हणाली, “तिसरा झाला ना? मग गोमूत्र शिंपडा आणि चालू करा. माझ्या भाजलेल्या मिरच्या निवल्या.”

सुतक आहे म्हटल्यावर जगातला कोणी माणूस वाद घालत नाही. आणि फिटलं म्हटल्यावरही घालत नाही. विसरामभाऊ आपल्याच शब्दात अडकले होते.

मी वहिनींना बाजूला घेऊन म्हटलं, “वहिनी, सोडा ही जागा. दुसरं काम बघू.”

“मी उठलंय तर दुसरी बसतली,” त्या म्हणाल्या. “तिचो घोव हय चाय घेवन बसतलो?”

घोव म्हणजे नवरा, एवढं मला कळलं; ह्या वाक्याचा अर्थ मात्र तेव्हा लागला नाही. गुरुवारी चकती तीन नंबरला परत बसली, आणि विसरामभाऊ कामावर आले नाहीत. शुक्रवारीही नाही. जेठाशेठनी मला बघायला पाठवलं.

तिसऱ्या डंखासमोर, चार हातांवर, एका उलट्या डब्यावर विसरामभाऊ बसले होते. पुढ्यात जमिनीवर चहाचा ग्लास. धोट्याचं एक टोक दातांत, दुसरं यंत्राच्या चौकटीला लावलेलं. नजर चहावर. उजवा तळहात ग्लासाच्या वीतभर वर, अधांतरी. आणि वहिनी कांडत होत्या. त्यांचा हात उखळात जात होता, येत होता. पण त्या उखळाकडे बघतच नव्हत्या. मुसळाकडेही नाही. त्यांचे डोळे नवऱ्याच्या तळहातावर खिळलेले होते. पापणी लवत नव्हती. मिरचीचा धूर डोळ्यांत जात होता, पाणी गालांवरून वाहत होतं, तरी नाही.

रांगेतल्या बायका तीन नंबरसमोर उभ्या राहायला तयार नसत, आणि तिथून हलतही नसत.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारीही डंख चालू. तळहात तसाच अधांतरी. चहा थंड व्हायचा, साय धरायचा. वहिनी जेवायला उठल्या की ते तो पिऊन टाकायचे आणि नवा मागवायचे.

बुधवारी दुपारी जेठाशेठनी निरोप देऊन पाठवलं : उद्या कामावर या, नाहीतर येऊच नका. मी विसरामभाऊंच्या बाजूला उकिडवा बसलो. “भाऊ,” मी सुरुवात केली, “शेठ म्हणतात...” ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं. तरी मी बोलत राहिलो. आणि बोलता बोलता मला दिसलं की चहावरची साय आक्रसली. नुसती सुरकुतली, कोणी चिमटीत धरावी तशी.

तळहात खाली आला.

वहिनींचा हात उखळाच्या तोंडाशी होता. तो तिथून मागे फिरला.

टण्ण!

मुसळ उडालं, तिरकं झालं आणि उखळाच्या कडेवर असं उतरलं की कडेचा टवका भिंतीवर जाऊन आदळला. वहिनींची चार बोटं जिथे असती, मुसळ बरोबर तिथे उतरलं होतं. लाल धुरळा छपरापर्यंत गेला आणि सावकाश आमच्यावर बसला. कोणीतरी खटका ओढला. बाबीशेठ गल्ल्यामागे खाली बसले ते उठेचनात.

उखळात चकतीचे दोन तुकडे पडले होते. तडा सुरीने कापल्यासारखा सरळ.

वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून आपली बोटं बघत होत्या, मोजल्यासारखी. विसरामभाऊंनी ग्लासावरचा हात काढला. चहा स्वच्छ होता. त्यांनी तो उचलून वहिनींना नेऊन दिला. मग माझ्याकडे वळले.

“आज कितवो दिवस?”

मी बोटांवर मोजलं. सोमवारपासून दहावा.

“चुकलंय मी,” त्यांचे ओठ म्हणाले. “मी लोखंडाचां सुतक धरलंय. ह्यां माणसाचां निघाला.”

पुढे बऱ्याच वर्षांनी एका इंजिनिअर साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, सोपं आहे. घाईने थंड केल्यावर आत ताण राहतो, त्यात लोखंडात अडकलेला हायड्रोजन, मग बारीकशी भेग, वरून हजारो ठोके, आणि एक दिवस तडा. तीन दिवसांतच जाईल असं काही नसतं. मी विचारलं, “आणि बहिऱ्या माणसाला ते आधी कसं कळतं?” ते म्हणाले, “कंपन.” मग म्हणाले, “पण तुम्ही म्हणता तेवढं आधी?” आणि चहा न पिताच उठले. चकतीचा अर्धा तुकडा माझ्या टेबलावर कागदांवर ठेवायला आहे. एवढी वर्षं झाली, त्याच्याकडे पाठ करून मी अजून बसत नाही.

विसरामभाऊ कामावर परत आले. वहिनीही डंखावर परत बसल्या, बाबीशेठनी स्वतः पाट ठेवला. नंतर वर्कशॉप तळोजाला गेलं, मी नोकरी बदलली, डोळ्यांना चष्मा लागला, आणि ओठ वाचायची माझी सवय गेली.

शेवटचं भेटलो ते मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा. सकाळची दहाची वेळ. विसरामभाऊंची चाळ मिलच्या भिंतीसमोरच. फक्त आता भिंत नव्हती, मिल नव्हती. तिथे पत्र्यांचं कुंपण होतं आणि आत मोठ्या इमारतीचा पाया ठोकायचं काम चालू होतं. एक प्रचंड लोखंडी वजन वर जायचं आणि धाडकन खाली यायचं. जिन्याच्या पायऱ्यांतून ते पायाला कळत होतं. मला एकदम लालबागचा डंख आठवला. जमिनीतच कोणी काहीतरी कांडतंय, असं वाटलं.

विसरामभाऊ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. फार वाळले होते. कठड्यावर चहाचा ग्लास. धोट्याचं एक टोक दातांत, दुसरं गॅलरीच्या खांबाला लावलेलं. मी पत्रिका दिली, त्यांनी माझा हात धरला आणि ओठ हलवले. मला वाचता आलं नाही.

“काय म्हणतात, वहिनी?”

“काय नाय,” वहिनी म्हणाल्या. “कापून लय वर्सां झाली म्हणतत. विचारतत, ह्याचां सुतक किती दिवसांचां.”

“कशाचं?”

वहिनींनी एकदा कुंपणापलीकडे, मिल होती तिकडे बघितलं. पत्रिका देवापुढे ठेवायला आत गेल्या.

मी निघालो. खाली रस्त्यावर येऊन सवयीने वर बघितलं. वहिनी गॅलरीत येऊन त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, कठड्यावर हात टेकून, मला निरोप द्यायला. मीही हात वर केला. विसरामभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी ग्लासावर तळहात ठेवला होता.

वहिनींनी तो तळहात बघितला. आणि कठड्यावरचा आपला हात अलगद मागे घेतला.

मी डोकं खाली घातलं आणि मोजायला लागलो. एक. दोन.